वाऱ्यांनी आखलेली वाट

सहाराचे वाळवंट जिथे अटलांटिकला भिडते, तिथे केप बोजादोर हे भूशिर आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज खलाशी त्याच्या पुढे जायला धजत नसत. ही भीती निराधार नव्हती. त्या किनाऱ्यावर वारा आणि प्रवाह दोन्ही दक्षिणेकडे ओढतात. जाणे सोपे, परतणे कठीण. राजपुत्र हेन्रीच्या आग्रहावरून जिल इआनेश याने १४३४ मध्ये ते भूशिर ओलांडले. परतीची युक्ती मात्र खलाशांनी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून काढली. किनाऱ्याला चिकटून वाऱ्याशी झुंजण्याऐवजी ते भर समुद्रात वायव्येकडे शिरत, अझोर्स बेटांच्या बाजूला पश्चिमेचे वारे गाठत आणि ते पाठीशी घेऊन घरी येत. याला ते ‘व्होल्टा दो मार’, समुद्राचा वळसा, म्हणत. पोर्तुगालच्या सागरी सत्तेचे मूळ तोफांपेक्षाही या वळशात आहे.

वाट सापडली तशी लूटही आली. १४४४ मध्ये लागोस बंदरात २३५ आफ्रिकी बंदिवान उतरवून त्यांची वाटणी झाली. आईबापांपासून मुले तोडली गेली. शोधयात्रांच्या गौरवकथांत हे पान गाळले जाते, ते गाळू नये.

विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसेनासा होतो. तेव्हा दुपारच्या सूर्याची उंची मोजून, कोष्टकांच्या आधारे अक्षांश काढण्याची रीत रुळली. बार्तोलोमेउ दियास १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून परतला. ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघालेल्या वास्को द गामाने तर अटलांटिकमध्ये एवढा मोठा वळसा घेतला, की केप व्हर्द बेटे सोडल्यावर जवळजवळ तीन महिने जमीन दिसली नाही.

हिंदी महासागरातले वारे मात्र त्याच्या ओळखीचे नव्हते. तिथल्या अरब, गुजराती आणि मलबारी तांडेलांना ते शतकानुशतके ठाऊक होते. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरात मिळालेल्या वाटाड्याने एप्रिल-मे १४९८ मध्ये नैऋत्य वाऱ्यावर ही जहाजे साडेतीन आठवड्यांत मलबारला आणली. परतताना गामाने ते शहाणपण बाजूला ठेवले. ईशान्येचा वारा स्थिर होण्याआधीच, ऑगस्टअखेर, त्याने कालिकत सोडले. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ५ ऑक्टोबरला शीड उभारले, आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी उजाडला. वाटेत कधी वारा पडलेला, कधी समोरून येणारा. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, माणसांना खाता येईना. सुमारे तीस जण दगावले. एकेका जहाजावर कामाला उभे राहू शकतील असे सात-आठच उरले. मालिंदीला पोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवण्यात आली. माणसे पुरत नसल्याने ‘साव राफाएल’ हे जहाज जाळून टाकावे लागले.

हा धडा पोर्तुगीज विसरले नाहीत. पुढे ‘करैरा द इंडिया’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वार्षिक जहाजफेरीचे वेळापत्रक वाऱ्यांवरच बसवले गेले. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघायचे, मोझांबिकमार्गे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला किंवा कोचीला पोचायचे, मिरी भरून डिसेंबर-जानेवारीत परतायचे. नारळी पौर्णिमेनंतर कोकणातल्या खारव्यांसाठी दर्या खुला होतो. लिस्बनची जहाजेही त्याच ऋतुचक्राला बांधलेली होती. निघायला उशीर झाला, तर मोझांबिकला अडकून पडावे लागे, आणि तिथल्या तापाने अनेकांचा बळी घेतला.

वाट एकट्याची राहावी म्हणून मोक्याची बंदरे घेतली गेली: आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवे, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ जिंकले. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ मध्ये वसई मिळाली. इतरांच्या जहाजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायचा, ठरलेल्या ठाण्यावर जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज आणि माल जप्त. आपल्याच समुद्रात फिरण्याचा दाखला परक्याकडून घेण्याची ही सक्ती मोगलांच्या हजयात्रेच्या जहाजांनाही चुकली नाही. १६१३ मध्ये तर जहांगीर बादशहाच्या आईचे ‘रहिमी’ हे जहाज परवाना असूनही पकडले गेले.

ही मक्तेदारी फुटायला गोव्यातूनच सुरुवात झाली. यान हायखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे गोव्याच्या आर्चबिशपकडे कारकून होता. जहाजांच्या वाटा, खुणा आणि मोसम यांची बारीक माहिती त्याने मायदेशी नेली आणि १५९६ पर्यंत ती छापून प्रसिद्ध झाली. डचांनी त्यापुढची मजल मारली. १६११ मध्ये हेंड्रिक ब्राउव्हर आफ्रिकेच्या टोकावरून उत्तरेला न वळता दक्षिणेकडच्या जोरकस पश्चिमी वाऱ्यांवर सरळ पूर्वेला गेला, आणि जावाचा प्रवास कितीतरी महिन्यांनी कमी झाला. मोसमाची वाट पाहणेही उरले नाही. इराण आणि इंग्रजांनी मिळून १६२२ मध्ये होर्मुझ घेतले; मलाक्का १६४१ मध्ये आणि कोची १६६३ मध्ये डचांकडे गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिस्बनहून गोव्याला वर्षाकाठी एखाद-दुसरेच जहाज येत असे.