मालगुजारी तलावांच्या नहराकाठची वाट

वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर उतरून साकोलीकडील तलावप्रदेशात पायी जाणाऱ्या अभ्यासकास नहराकाठच्या वाटेवर चढ-उतार फारसा जाणवत नाही. या सपाटीला कारण आहे. पाणी केवळ उताराच्या बळावर धानाच्या बांध्यांत न्यावयाचे असल्याने नहर जमिनीच्या समपातळीला धरून, किंचित उतरत, वळणे घेत काढावा लागे. काठची वाट त्याच पातळीने चाले. हे ज्ञान प्रामुख्याने कोहळी समाजाचे. नवेगावचा बांध (१९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात) कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी परंपरा आहे. परंपरा म्हणजे लेखी पुरावा नव्हे. तथापि नहराची रेषा हाही एक पुरावाच, आणि तो वाचावयाचा तर पायांनीच.

१९५० च्या कायद्यान्वये १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन तलाव शासनाकडे गेले. सिंचनाचे निस्तारहक्क कागदोपत्री उरले, परंतु गाळ उपसण्याची गावकीची शिस्त ढिली पडली. या बदलाचा विचार मालकीहक्कापुरताच करणे अपुरे होय. गाळाने नहर बुजला की शेवटच्या बांधीस पाणी पोचत नाही. तेथे शेत वाढत जाते आणि काठची वाट धुऱ्यात विरते.