सात बिटांतून जाणारे देहूरोड

पत्रवाङ्मयाची चर्चा आपण पुष्कळ करतो. संगणकीय पत्राचा देह कसा घडला, हे मात्र सहसा पाहत नाही. आपण 'देहूरोड' हेच नाव घेऊ. डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, ते हे छावणीचे गाव.

जॉन पोस्टेल यांच्या १९८२ च्या टपालनियमाने सात बिटांची, म्हणजे १२८ चिन्हांचीच हमी दिली होती. त्यांत देवनागरी नव्हती. नव्वदच्या दशकात मराठीने फाँटची पळवाट काढली. रोमन अक्षरांवर मराठी आकृत्या चढवल्या. समोरच्याकडे तो फाँट नसला की पत्राचा कचरा होई. आमच्या मते ते लेखन नव्हते, वेषांतर होते.

खरी वाट १९९२ साली बोरेन्स्टाइन आणि फ्रीड यांच्या 'माइम'ने दिली. रस्ता न बदलता त्यांनी सामानाची बांधणी बदलली. 'देहूरोड'मध्ये युनिकोडची सात चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे २१ बाइट होतात आणि बेस-६४ मध्ये २८ रोमन चिन्हे. गंमत अशी, की दर चारांच्या गटाची पहिली दोन चिन्हे तीच राहतात: जणू देवनागरीचा शिक्काच!

ही बांधाबांध प्रत्येक प्रोग्रामरने नव्याने का करावी? या प्रश्नातून सर्वसाधारण लायब्ररी जन्मल्या. सन कंपनीच्या जावामेलने 'संदेश', 'साठा' आणि 'वाहतूक' या अमूर्त कल्पना वेगळ्या केल्या. वाहतुकीचा नियम बदलला तरी संदेश तोच. शिवाय संदेशाच्या भागात पुन्हा भाग असू शकतात, कथेत उपकथा असावी तसे.

परंतु कस लागतो तो विषयाच्या ओळीत. तेथे एका सांकेतिक तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा आहे. वेष्टन वगळता देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हे मावतात. तुकडा चिन्हाच्या मध्ये तोडू नये, असा नियम आहे. केवळ बाइट मोजणारी लायब्ररी तो मोडते आणि शीर्षकात चौकोन उमटतात. नियम पाळला तरी त्याच्या लेखी 'रो' ही दोन चिन्हे. आपल्या व्याकरणाला ते एक अक्षर. ही तेढ अभियंत्यांइतकीच भाषेच्या अभ्यासकांची आहे, आणि तिकडे आपले लक्ष नव्हते.

पत्त्यातही देवनागरी लिहिण्याची मुभा देणारे नियम २०१२ साली आले.