बावला खून-खटला आणि फाशीवरचे अपील

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईच्या मलबार हिलवरून एक मोटार चालली होती. तीत अब्दुल कादर बावला हे तरुण, धनवान व्यापारी बसले होते. मुंबई म्युनिसिपालिटीचे ते सभासद. त्यांच्याबरोबर होती मुमताज बेगम. मागून दुसऱ्या एका मोटारीने त्यांना गाठले. आतून माणसे उतरली, बावलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न झाला. ती बधेना, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुऱ्याचे वार केले.

एवढ्यात काही गोरे लष्करी अधिकारी गॉल्फ खेळून त्याच वाटेने परतत होते. खरे तर ते वाट चुकून इकडे आले होते! त्यांच्यातल्या लेफ्टनंट सीगर्टने गोळी लागली असतानाही हातातल्या गॉल्फच्या काठीने मारेकऱ्यांना झोडपले. जागीच पकडापकडही झाली. बावला मात्र वाचले नाहीत.

आता ही मुमताज कोण? नाचगाण्याचा पेशा असलेल्या घरातली मुलगी. इंदूरच्या होळकर दरबारी ती अनेक वर्षे होती. आपल्यावर सतत पहारा असे, असे तिने कोर्टात सांगितले. १९२४ साली मसुरीला नेत असता ती दिल्ली स्टेशनावर उतरली, ती पुन्हा इंदूरला गेलीच नाही. फिरत फिरत मुंबईस आली आणि बावलांच्या आश्रयाला राहिली. वार झालेला चेहरा घेऊन, सगळ्या मुंबईचे डोळे आपल्यावर असताना, ही बाई साक्षीला उभी राहिली. तिचे धैर्य सीगर्टपेक्षा तसूभरही कमी नव्हते, असे मला वाटते. नाव मात्र सीगर्टचे झाले.

पकडलेले लोक इंदूरचे निघाले. एकंदर नऊ आरोपी. त्यांत इंदूर फौजेतले वरिष्ठ अधिकारी सरदार आनंदराव फणसे. त्यांच्या बचावाला बॅरिस्टर महंमदअली जीना उभे राहिले. मुंबई हायकोर्टात जस्टिस क्रम्प यांच्यापुढे, ज्यूरीच्या साहाय्याने खटला चालला. त्या दिवसांत लोकांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. ‘कुलीन कांता’ नावाचा मूकपटदेखील त्याच साली निघाला. १९२५ च्या मे महिन्यात निकाल लागला. शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि श्यामराव दिघे या तिघांना फाशी. फणसे धरून चौघांना जन्मठेप काळे पाणी. दोघे सुटले. या माणसांच्या मागे आणखी कोणी असावे, पण ते कोण हे नेमके दाखवता येत नाही, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनीच काढले.

तुम्ही म्हणाल, फाशीची शिक्षा झाली, मग वरच्या कोर्टात अपील झालेच असेल. इथेच खरी मेख आहे, आणि शिक्षक बंधुभगिनींनी ती मुलांना जरूर समजावून द्यावी. साताऱ्याच्या किंवा ठाण्याच्या सेशन्स कोर्टाने कुणाला फाशी दिली, तर ती मंजुरीसाठी हायकोर्टाकडे जावीच लागे. आरोपीने अपील केले नाही तरी. तिथे न्यायमूर्ती सारा पुरावा नव्याने तपासत. मुंबई शहराची गोष्ट निराळी होती. शहरातले खुनाचे खटले हायकोर्ट स्वतःच चालवी. म्हणजे पहिले कोर्ट तेच आणि मंजुरी देणारे म्हणावे तर तेही तेच! हायकोर्टानेच दिलेल्या फाशीचा पुरावा पुन्हा तपासून घेण्याची सोय आरोपीला नव्हती. खेड्यातल्या शेतकऱ्याला जी दुसरी नजर मिळे, ती मुंबईतल्या आरोपीला मिळत नसे. गुन्हा कितीही घोर असो, जीव घ्यायचा तर पुरावा दोनदा पाहावा, ही काही फार मोठी मागणी नव्हे.

उरली ती लंडनची प्रिव्ही कौन्सिल. पण तिचा दंडक ठरलेला होता: आम्ही फौजदारी अपिलाचे कोर्ट नाही, साक्षीदार खरा की खोटा हे आम्ही पाहणार नाही, न्यायाची मूळ तत्त्वेच पायदळी तुडवली गेली असतील, तरच हात घालू. तिथे अर्ज गेला आणि अपिलाला परवानगी नाकारली गेली. शफी अहमद आणि श्यामराव दिघे फासावर गेले. पोंडे यांना तुरुंगात वेड लागले, म्हणून त्यांची फाशी टळली.

कायद्यातली ही उणीव पुढे अठरा वर्षे तशीच राहिली. हायकोर्टात चाललेल्या अशा खटल्यांवर अपिलाची वाट १९४३ साली उघडली. १९४८ साली मुंबई शहराला स्वतःचे सेशन्स कोर्ट मिळाले, म्हणजे फाशीच्या मंजुरीचा नियम शहरालाही लागू झाला. १९४९ साली प्रिव्ही कौन्सिलचा आपल्याशी संबंध तुटला आणि १९५० पासून शेवटचा शब्द दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाचा झाला. २०१४ साली त्या कोर्टाने आणखी एक पाऊल टाकले: फाशीच्या खटल्यातला फेरविचाराचा अर्ज आता किमान तीन न्यायमूर्ती उघड्या कोर्टात ऐकतात.

आणि इंदूर? महाराज तुकोजीराव होळकरांपुढे इंग्रज सरकारने दोन वाटा ठेवल्या: चौकशी कमिशनला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली आणि अल्पवयीन यशवंतराव गादीवर आले. चौकशी झालीच नाही, त्यामुळे महाराजांवर काही शाबीतही झाले नाही. १९७८ साली ते पॅरिसला वारले. मलबार हिलवरच्या त्या संध्याकाळीनंतर त्रेपन्न वर्षे उलटली होती.