जूडी गारलंड: चूक न कापलेला अल्बम

आजची गोष्ट एका लाइव्ह अल्बमची. नाव 'जूडी ॲट कार्नेगी हॉल', साल १९६१. 'द विझर्ड ऑफ ऑझ' पाहिलाय? त्यातली दोन वेण्यांची डोरोथी आठवते? तीच ही जूडी गारलंड.

तिचं खरं नाव फ्रान्सिस गम. जन्म १९२२, अमेरिकेतलं मिनेसोटा. घरच नाच-गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्यांचं, त्यामुळे अडीच वर्षांची असतानाच ती स्टेजवर उभी राहिली. तेराव्या वर्षी एमजीएम स्टुडिओनं तिला करारात बांधलं.

सिनेमात गाणं आधी रेकॉर्ड व्हायचं, मग कॅमेऱ्यासमोर फक्त ओठ हलवायचे. आपल्या प्लेबॅकसारखंच, फक्त आवाजही तिचाच. बिघडलेला टेक सरळ बाद. बाकीचंही स्टुडिओच ठरवायचा: खायचं किती, बारीक दिसायचं किती. जागं राहायला गोळ्या, झोपायलाही गोळ्या, हे तिनंच पुढे सांगितलं. १९५० मध्ये करार संपला तेव्हा ती फक्त २८ वर्षांची होती.

लोक म्हणाले, संपली ही. पण ती स्टेजवर परतली. १९५१ मध्ये लंडनचं पॅलेडियम, मग न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात तब्बल १९ आठवडे. १९५४ मध्ये 'अ स्टार इज बॉर्न'. ऑस्करचं नामांकन मिळालं, बाहुली मात्र ग्रेस केलीकडे गेली. १९५९ च्या शेवटी यकृताच्या आजारानं ती हॉस्पिटलात पडली. डॉक्टरांनी सांगितलं, आता गाणं विसरा.

आणि मग २३ एप्रिल १९६१ ची रात्र. कार्नेगी हॉलसुद्धा पाडला जाता जाता वाचलेला. आदल्याच वर्षी शहरानं तो विकत घेतला होता. तीन हजारांवर माणसं आणि मॉर्ट लिंडसीचा ऑर्केस्ट्रा. 'यू गो टू माय हेड' गाताना जूडी चक्क शब्द विसरते. थांबत नाही. सुरात राहूनच काहीतरी जुळवते आणि पुढे जाते. शेवटी लोक फर्माइशींचा ओरडा करतात, तेव्हा म्हणते, सगळी गाणी म्हणू, रात्रभर थांबू!

ती चूक अल्बममध्ये तशीच ठेवली आहे. मला विचाराल तर या अल्बमची खरी किंमत तिथेच आहे. सिनेमानं आपल्याला निवडून, घासूनपुसून दिलेली जूडी दाखवली. इथे ती सांभाळून घेताना ऐकू येते, आणि सांभाळणारी ती स्वतःच.

अल्बम १३ आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरवर राहिला. 'अल्बम ऑफ द इयर'चं ग्रॅमी मिळवणारी ती पहिली बाई. पण या यशानं गोळ्या सुटल्या नाहीत. जून १९६९ मध्ये लंडनला, झोपेच्या गोळ्यांचा डोस चुकून जास्त झाल्यानं ती गेली. वय ४७. म्हणून 'दुःखामुळेच ती इतकी छान गायली' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. गाणं तिच्या मेहनतीचं होतं, अडीच वर्षांची असल्यापासूनचं.

अल्बम ऐकाल तर शफल बंद ठेवा, टाळ्याही पुढे ढकलू नका. भेटूया पुढच्या भागात!