बालवाडीची वास्तू : तीन फुटांवरून दिसणारे जग

खोलीच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून साधारण तीन फूट, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर उंचीवर ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तीन वर्षांच्या मुलाची सरासरी उंची ९५ सेंटिमीटरच्या आसपास असते आणि त्याचे डोळे त्याहून बरेच खाली असतात. अशा खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या मुलाला आकाशाचा तुकडा तेवढा दिसतो. रस्ता, झाडाचा बुंधा, भाजीवाल्याची गाडी किंवा अंगणात साचलेले पावसाचे पाणी त्याला दिसत नाही. दिव्याचे बटण, दाराची कडी, हात धुण्याचा नळ आणि कपाटाचा कप्पा यांचीही हीच गत असते. प्रत्येक वेळी मोठ्या माणसाला हाक मारावी लागते. मूल स्वतःहून काय करू शकेल आणि कशासाठी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागेल, हे शिक्षिकेच्या आधी वास्तूच ठरवून टाकते. तीन ते सहा या वयोगटासाठी वास्तू उभारताना करावयाचा विचार येथूनच सुरू होतो.

रोममधील बालगृह

लहान मुलांसाठी वेगळी जागा असावी, ही कल्पना जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी रुजविली. १८३७ मध्ये बाड ब्लँकेनबुर्ग येथे त्यांनी काम सुरू केले आणि १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. या नावातील बाग निव्वळ अलंकारिक नव्हती. मुलांनी स्वतः मशागत करावी अशा जमिनीच्या छोट्या वाफ्यांना त्यांच्या योजनेत स्थान होते.

वास्तूच्या आतील रचनेत मूलभूत बदल घडविला तो डॉ. मारिया माँटेसरी यांनी. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांचे पहिले ‘कासा देई बाम्बिनी’, अर्थात बालगृह, सुरू झाले. यामागचे कारण मोठे व्यावहारिक होते. वस्तीतील इमारतींची डागडुजी करणाऱ्या संस्थेला एक चिंता होती. आईबाप कामावर गेल्यानंतर मोकाट राहिलेली मुले नव्या भिंती आणि जिने खराब करतील, अशी ती भीती. इमारत मुलांपासून वाचावी म्हणून दिलेल्या खोलीत माँटेसरींनी खोलीच मुलांच्या मापाने घडविली. जमिनीला जखडलेली बाके त्यांनी नाकारली आणि मुलांना स्वतः उचलून नेता येतील अशी हलकी टेबले व खुर्च्या करून घेतल्या. हात धुण्याची जागा आणि साहित्याची कपाटे मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर आणली. हलकी खुर्ची धक्का लागताच पडते आणि आवाज होतो. त्या आवाजावरून मूल आपली हालचाल सावरायला शिकते, अशी त्यांची धारणा होती. ही शिस्त शिक्षिकेच्या दटावणीतून आलेली नसून खुर्चीच्या वजनातून आलेली होती.

चौक, खड्डा आणि छप्पर

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतीलच रेज्जो एमिलिया परिसरात पालकांनी स्वतः राबून बालशाळा उभारल्या. व्हिला चेल्ला या गावात तर जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून शाळेचे काम सुरू झाले. तेथे आकर्षित झालेले तरुण शिक्षक लोरिस मालागुझी यांनी पुढे या प्रयोगाला वैचारिक बैठक दिली. १९६३ मध्ये रेज्जो एमिलियाच्या नगरपालिकेची पहिली बालशाळा सुरू झाली. परिसर हा मुलांचा तिसरा शिक्षक होय, हे सूत्र याच परंपरेशी जोडले गेले आहे. या शाळांत वर्गखोल्या लांबलचक बोळात ओळीने मांडलेल्या नसतात. इटालियन गावाच्या चौकाप्रमाणे मध्यभागी सामाईक जागा असते आणि वर्ग, कलाकक्ष व स्वयंपाकघर तिच्याशी जोडलेले असतात. स्वयंपाक कोण करते आणि आज काय शिजते आहे, हे मुलांना दिसावे म्हणून स्वयंपाकघर मुद्दाम लपविलेले नसते.

नेदरलँड्समध्ये हर्मन हर्ट्झबर्गर यांनी डेल्फ्ट येथे बांधलेल्या माँटेसरी शाळेचा पहिला टप्पा १९६६ मध्ये पूर्ण झाला. वर्गखोल्या चौकोनी न ठेवता त्यांना कोनाडे देण्यात आले, जेणेकरून एक गट गोष्ट ऐकत असताना दुसऱ्या गटाला निवांतपणे काही करता येईल. लहान मुलांच्या विभागात जमिनीत एक चौकोनी खड्डा असून तो सुट्या लाकडी ठोकळ्यांनी भरलेला आहे. ठोकळे बाहेर काढले की त्यांची आसने होतात आणि खड्ड्यात उतरून बसता येते. परत भरले की जमीन सपाट होते. त्या खड्ड्याचे काय करायचे, हे वास्तुविशारदाने मुलांवर सोपविले.

या विचाराचे अलीकडचे आणि बहुचर्चित उदाहरण म्हणजे टोकियोजवळील ताचिकावा येथील फुजी बालशाळा. ताकाहारू व युई तेझुका या वास्तुविशारद दाम्पत्याने ती २००७ मध्ये पूर्ण केली. पाचशेहून अधिक मुलांची ही शाळा एका लंबवर्तुळाकार कड्यासारखी असून मध्यभागी मोकळे अंगण आहे. छताची आतील उंची अवघी २.१ मीटर ठेवल्यामुळे अंगणातील आणि छपरावरील माणसे एकमेकांच्या जवळ राहतात. संपूर्ण छप्पर हेच खेळण्याचे मैदान आहे. जागेवरील झेल्कोव्हाचे तीन मोठे वृक्ष तोडण्यात आले नाहीत. ते छपरातून आरपार वर गेले आहेत. त्यांच्याभोवती जाळ्या बांधल्या असून मुले त्यांत लोळतात. कठड्याच्या गजांतून पाय खाली सोडून ती अंगणातील गंमत पाहत बसतात. कड्याला शेवट नसल्याने मुले पळत सुटतात आणि फिरून तेथेच येतात. येथील मुले दिवसाकाठी सरासरी चार किलोमीटर चालतात-पळतात, असे ताकाहारू तेझुका यांनी एका जाहीर व्याख्यानात सांगितले होते. त्यासाठी व्यायामाचा वेगळा तास ठेवावा लागत नाही.

वर्गांमध्ये ध्वनिरोधक भिंती नाहीत. शेजारचा गलका मुलांना त्रासदायक वाटत नाही, असे तेझुकांचे म्हणणे आहे. मात्र त्याचे सरसकट अनुकरण धोक्याचे ठरेल. फुजी शाळेची सरकती दारे वर्षातील बहुतांश काळ उघडी असतात आणि आवाज अंगणात विरून जातो. सिमेंटचे छत, गुळगुळीत फरशी आणि बंद खिडक्या असलेल्या खोलीत तोच आवाज भिंतींवर आपटून परत येतो. भाषा नुकतीच आत्मसात करू लागलेल्या मुलाला गोंगाटात शब्द वेगळे करणे मोठ्यांपेक्षा जास्त कठीण जाते. अशा खोलीत जाड चटया, कापडी पडदे आणि भिंतीवरील मऊ फळा हे चैनीचे नव्हे, तर शिक्षणाचे साहित्य ठरते.

अंगणातून आलेली अंगणवाडी

यात परदेशी काहीच नाही, असे वाटायला लावणारी एक परंपरा महाराष्ट्रात आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांच्यापुढे लवकरच प्रश्न उभा राहिला तो खर्चाचा. माँटेसरी साहित्य आणि सुसज्ज वास्तू गरिबांच्या मुलांना कशी मिळणार? १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. बालवाडीची जागा तयार असली, तरी वस्तीतील मुले तेथवर येत नाहीत. तेव्हा बालवाडीच वस्तीतील एखाद्या घरापुढच्या सारवलेल्या अंगणात भरविण्यात आली. शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने हे साहित्य झाले. १९५७ मध्ये हे कार्य आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरविण्याचा ‘कुरणशाळे’चा प्रयोगही तेथे झाला.

अंगणवाडी हा शब्द या प्रवासातून पुढे आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. नाव देशभर गेले. अंगण मात्र, विशेषतः शहरांत, वाटेत गळून पडले. नागरी वस्त्यांतील कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत किंवा समाजमंदिराच्या कोपऱ्यात भरतात. मध्यमवर्गीय वस्त्यांतील शिशुवर्गांची स्थिती फारशी निराळी नाही. तळमजल्यावरील सदनिकेच्या भिंती भडक रंगांनी आणि परदेशी कार्टूनच्या चित्रांनी भरल्या की शाळा तयार होते. शुल्क वेगळे असले, तरी मुलाला पळायला जागा दोन्हीकडे नसते.

२०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाने ३० मुलांमागे किमान ३५ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे पावणेचारशे चौरस फुटांची वर्गखोली आणि किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे म्हटले आहे. एका मुलाच्या वाट्याला खोलीतील जेमतेम सव्वा चौरस मीटरही येत नाही, म्हणजे ही अपेक्षा उदार नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा कालखंड शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. मुंबई-पुण्यातील जागांचे भाव पाहता पायाच्या या टप्प्याला जमीन कोठून मिळणार, हा प्रश्न शिक्षणखात्याइतकाच नगररचनेचाही आहे. नव्या गृहसंकुलाच्या आराखड्यात वाहनतळ आधी आखला जातो. बालवाडीचे अंगण त्याच गांभीर्याने आखावे लागेल.

थोडक्या खर्चात काय करता येईल?

मोठी वास्तू उभारणे सर्वांना शक्य नाही. तथापि, आहे त्या खोलीतही पुष्कळ सुधारणा करता येतात. दिल्लीतील वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांच्या ‘विन्यास’ या संस्थेने विकसित केलेल्या ‘बाला’ या संकल्पनेचा गाभा हाच आहे. इमारतीचाच शिक्षणसाधन म्हणून उपयोग करायचा. दार उघडताना होणारे कोन जमिनीवर आखायचे, खिडकीच्या गजांत अक्षरांची वळणे घडवायची, पायऱ्यांवर अंक मांडायचे. या कल्पनेचे पुष्कळ ठिकाणी केवळ भिंती रंगविण्यात रूपांतर होते आणि तेथे तिचा हेतूच हरवतो. चित्र मूल पाहते. गजावरून बोट फिरविताना मात्र ते अक्षर गिरवीत असते.

इतर उपाय अगदी साधे आहेत. नळ खाली आणता येत नसेल, तर त्याखाली भक्कम, न घसरणारी पायरी बांधावी. बसण्याची उंची २५ ते ३० सेंटिमीटर असावी. जिन्याला मोठ्यांच्या कठड्याखाली मुलांसाठी दुसरा कठडा लावावा आणि गजांमधील अंतर मुलाचे डोके अडकणार नाही इतके कमी ठेवावे. भिंतीचा खालचा तीन-साडेतीन फुटांचा पट्टा मुलांच्या खडूसाठी सोडावा. सूचना व वेळापत्रके त्याच्या वर लावावीत. ओली झाल्यावर घसरणाऱ्या चकचकीत फरशीपेक्षा खरबरीत शहाबादी फरशी किंवा कोबा बरा. शौचालय वर्गाच्या नजरेच्या टप्प्यात असावे आणि त्याला आतून कडी नसावी. एखादा कोपरा कमी उंचीचा व पडद्याआडचा ठेवावा. घर सोडून पहिल्यांदाच आलेल्या मुलाला सर्वांच्या नजरेपासून थोडा वेळ दूर बसण्याचा आधार लागतो.

आपल्या हवामानात पडवीचे महत्त्व वेगळेच आहे. कोकण आणि मुंबईत जून ते सप्टेंबर अंगण ओले असते. खोली आणि अंगण यांच्यामध्ये आठ-दहा फूट रुंदीची, छप्पर असलेली पडवी असेल, तर या चार महिन्यांत मुले कोंडली जात नाहीत. पागोळ्यांखाली हात धरता येतो, पाणी कोठून येते आणि कोठे वाहत जाते हे पाहता येते. उन्हाळ्यात तीच पडवी खोलीला सावली देते. जुन्या वाड्यांची ओसरी आणि चाळींचा सामाईक सज्जा ही कामे न सांगता करीत असत.

प्रवेशाच्या दिवसांत पालक शाळेची फी, माध्यम आणि घरापासूनचे अंतर यांची चौकशी करतात. त्याबरोबरच वर्गात पाच मिनिटे जमिनीवर बसून पाहावे. तेथून खिडकीबाहेरचे काय दिसते, कोणते खेळणे हाताला येते, पाणी स्वतः घेता येते का आणि दार ओलांडल्यावर पाय मातीला लागतात की वाहनांच्या रांगेला, हे त्या पाच मिनिटांत कळते. मुलाची पुढची दोन-तीन वर्षे त्याच उंचीवर जाणार असतात.