तांब्याचं तोंड आणि तळ

गणेशपुरीला लोक येतात ते गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि नित्यानंदांच्या समाधीसाठी. चित्रकलेच्या इतिहासात या गावाचं नाव सापडत नाही. पण गणेशपुरीच्या भिवंडी तालुक्यातलं एखादं मूल एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसतं आणि समोर मांडलेला तांब्या कागदावर उतरवू लागतं, तेव्हा ते दीडशे वर्षांहून जुन्या शिस्तीत शिरत असतं. त्या शिस्तीचा एक मोलाचा धडा याच ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला गिरवला गेला.

जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत जे. जे. कलाशाळा उभी राहिली. १८५७ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तिचे पहिले वर्ग भरले. शिकवण्याचा साचा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा होता. आधी छापील नमुन्यावरून पानाफुलांच्या रेषा हुबेहूब उतरवायच्या, मग प्लॅस्टरचे ठोकळे आणि शिल्पांच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाश साधायचा.

यातला पहिला टप्पा कंटाळवाणा तर होताच, पण खरं नुकसानही तोच करत होता. गोल वस्तू सपाट कागदावर आणणं हा सगळा अवघड भाग नमुना काढणाऱ्याने आधीच उरकलेला असे. विद्यार्थ्याचा हात वळत होता, डोळा मात्र रिकामाच राहत होता.

१८६८ साली कलाशाळेचे शिक्षक जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तिची एक तुकडी अंबरनाथच्या शिवमंदिराची रेखाटनं करायला आणि तिथल्या शिल्पांचे साचे घ्यायला गेली. शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, शिलाहारांच्या काळातला शिलालेख या मंदिरात आहे. त्याची बाहेरची भिंत सरळ धावत नाही. ती कोनाकोनाने पुढे येते, मागे जाते, आणि प्रत्येक कोपऱ्यावर उजेड वेगळा पडतो. ऊन सरकलं की सकाळची सावली दुपारी खोटी ठरते. कोणती कड गडद करायची हे इथे कुठलाच छापील नमुना सांगत नाही. काळ्या दगडासमोर उभं राहून ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

पुढच्या पिढीत या अभ्यासाला फळं आली. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवलं. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत तिथेच राहिले. शिकलेल्यानेच शिकवायचं, ही साखळी जे. जे. मधून गावोगावच्या ड्रॉइंग मास्तरांपर्यंत पोहोचली. आज एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं.

या परीक्षांच्या तयारीत वस्तुचित्राचा तांब्या बहुतेकांना एकाच जागी अडवतो. मूल तोंडाचं लंबवर्तुळ छान उघडं काढतं आणि तळाला सरळ रेघ मारून मोकळं होतं, कारण तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे त्याला ठाऊक असतं. दिसतं मात्र वेगळंच. तळ तोंडापेक्षा नजरेच्या पातळीच्या अधिक खाली असतो, म्हणून त्याचं लंबवर्तुळ रुंदीच्या मानाने अधिक फुगीर हवं आणि त्याची पुढची कड खाली झुकायला हवी. सरळ तळाचा तांब्या कापून चिकटवल्यासारखा दिसतो. ही चूक ज्याची त्याला सहसा सापडत नाही, कारण ठाऊक असलेली गोष्ट दिसणाऱ्या गोष्टीवर मात करते.

इथे मास्तरांची नजर लागते. चांगला कलाशिक्षक मुलाच्या चित्रावर स्वतःची रेघ ओढत नाही. तो समासात छोटी आकृती काढतो, मुलाच्या जागी बसून हात ताठ करतो, एक डोळा मिटून पेन्सिलीवर रुंदी आणि उंची मोजून दाखवतो, आणि तेच माप मुलाला घ्यायला लावतो. खोडरबराने चित्र सुधारून देणारे शिक्षकही असतात. त्यांच्याकडे चित्र लवकर बरं दिसतं, पण पुढच्या वस्तूपाशी मूल पुन्हा तिथेच अडतं. म्हणून चांगले शिक्षक तोच तांब्या आधी स्टुलावर, मग जमिनीवर, मग आडवा ठेवून काढायला लावतात. जागा बदलली की दोन्ही लंबवर्तुळं नव्याने मोजावी लागतात, आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्राच्या मांडणीत तांब्याशेजारी आणखी वस्तू येऊन बसतात.