शेजारचा बाक

खारेपाटणला पूर्वी गलबतं लागत. खाडीवाटे आलेला माल इथे उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाटाकडे जाई. शिलाहार रट्टराजाचा शके ९३०चा ताम्रपट याच गावाच्या नावाने ओळखला जातो, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना गाव परिचित आहे. मला मात्र वाचकांना इथल्या वाडीतून शाळेकडे उतरणाऱ्या वाटेवर न्यायचं आहे. समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांनी इतरांसोबत नेहमीच्या शाळेत शिकण्याची, ओळख करून घ्यायला मला तीच सुरुवात योग्य वाटते.

वाट जांभ्याच्या पायऱ्यांची. शाळेने दारात रॅम्प बांधला, तरी चाकाच्या खुर्चीतलं मूल घरापासून रस्त्यापर्यंत यायचं कसं? पावसात शुकनदीचं पाणी बाजारपेठेत चढलं की त्या दिवशी काय? विशेष शिक्षकांचं काम अशा प्रश्नांपासून सुरू होतं. प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची फेरी, शाळेत येऊच न शकणाऱ्या मुलाला घरी जाऊन शिकवणं, हे सारं त्यात येतं.

तरीही या कामाचा गाभा वर्गातच आहे. विशेष शिक्षक म्हणजे मुलाला बाजूला घेऊन शिकवणारी व्यक्ती, हा समज वाचकांनी आरंभीच बाजूला ठेवावा. विशेष शिक्षक शाळेत नसतात ते आठवड्यातले बाकीचे दिवस मूल वर्गशिक्षकांपाशीच असतं. म्हणून खरी मेहनत तिथे घ्यावी लागते. फळ्याकडे तोंड करून बोललं की श्रवणयंत्र लावलेल्या मुलीला ओठ दिसत नाहीत. खिडकीच्या उजेडाने फळा चकाकतो, म्हणून अंधुक दिसणाऱ्या मुलाचा बाक हलवायला हवा. गोष्टी एवढ्याशा असतात, पण कुणीतरी वर्गात बसून त्या हेराव्या लागतात. मग सहकाऱ्याचा मान राखून सांगाव्याही लागतात, आणि हे कौशल्य कोणत्याही अभ्यासक्रमात पुरतं शिकवता येत नाही.

इकडची आणखी एक गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवावी. मुलाच्या घरात मालवणी वळणाची बोली असते आणि चाचणी पुस्तकी मराठीत. ‘खंय’ म्हणणारं मूल ‘कुठे’ या प्रश्नापाशी अडखळलं, तर ती अध्ययन अक्षमता नव्हे. मुलाची बोली कळणारा शिक्षक असला, तर चुकीचा शिक्का टळतो.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि ६ ते १८ वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सांगितलं. वर्षानुवर्षं करारावर राबलेल्या या शिक्षकांसाठी महाराष्ट्राने २०२४मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे शाळांच्या समूहांच्या पातळीवर, ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. त्याचा मला मनापासून आनंद आहे.

तुम्ही या विषयात नवे असाल, तर कलमं मागाहून वाचा. आधी परवानगी घेऊन एखाद्या केंद्रशाळेत सबंध दिवस बसा. मधल्या सुट्टीत तिथल्या दिव्यांग मुलाच्या डब्याशेजारी कुणाचा डबा उघडतो, तेवढं पाहा, आणि मग पहिल्या प्रकरणाकडे वळा.